हिरोशिमाचा हिशेब: सरांना उत्तर

६ ऑगस्टच्या निमित्ताने वर्धा जिल्ह्यातल्या सेलूत झालेल्या एका छोट्या कार्यक्रमात गावातल्या एका निवृत्त इतिहास शिक्षकांनी जे भाषण केलं, त्याचा प्रतिवाद व्हायला हवा. गावात ते सगळ्यांचेच 'सर' आहेत, मलाही त्यांनी शिकवलं आहे. भाषण अभ्यासाचं होतं, तळमळीचं होतं, आणि म्हणूनच ते जास्त खोलवर रुजेल अशी मला भीती वाटते. समोर नववी-दहावीची मुलं बसली होती.

सरांचं म्हणणं असं. बॉम्ब पडले म्हणून युद्ध संपलं. ते पडले नसते तर जपानच्या भूमीवर सैन्य उतरवावं लागलं असतं आणि पाच-दहा लाख माणसं मेली असती. जपाननं आशियात जे केलं ते पाहता त्याच्यासाठी अश्रू ढाळणं हे ढोंग आहे. आणि सेवाग्राम-पवनारच्या सावलीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना युद्ध म्हणजे काय ते ठाऊकच नाही. शेवटी त्यांनी आपल्या काकांची गोष्ट सांगितली. काका १९४५ साली फौजेत होते, मलायाच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या तुकड्यांत. बॉम्ब पडला नसता तर ते घरी आलेच नसते, असं सर म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. टाळ्या तिथेच पडल्या.

म्हणून मीही काकांपासूनच सुरुवात करतो, कारण सरांच्या मांडणीतला सगळ्यात जड मुद्दा तोच आहे. मलायावर उतरण्याच्या त्या मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन झिपर. तिच्यात भारतीय सैनिक मोठ्या संख्येनं होते. ९ सप्टेंबर १९४५ ला ते किनाऱ्यावर उतरले तेव्हा जपान शरण आला होता आणि समोरून गोळी आली नाही. त्या जवानाला आणि त्याच्या घरच्यांना काय वाटलं असेल, हे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही. लढाईच्या तोंडावरून परत आलेल्या माणसानं, ज्यामुळे आपण वाचलो असं त्याला वाटतं त्या गोष्टीचे आभार मानले, तर त्याला दोष देणारा मी कोण?

पण सर काकांच्या सुटकेचा पुरावा म्हणून वापर करतात, आणि तिथे मला त्यांना थांबवावं लागतं. काका बॉम्बनंतर परतले, एवढं खरं. बॉम्बमुळेच परतले, हे सिद्ध व्हायचं आहे. त्यासाठी त्या पंधरवड्याच्या तारखा बघाव्या लागतात, आणि सरांनी भाषणात नेमक्या त्याच गाळल्या.

२५ जुलै १९४५ ला अमेरिकी हवाई दलाचे सेनापती स्पाट्झ यांना लेखी हुकूम गेला: साधारण ३ ऑगस्टनंतर हवामान साथ देईल तेव्हा हिरोशिमा, कोकुरा, निगाता आणि नागासाकी यांपैकी एका शहरावर पहिला बॉम्ब टाकावा, आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकत जावेत. जपानला शरणागतीचा शेवटचा इशारा देणारा पॉट्सडॅमचा जाहीरनामा निघाला २६ जुलैला. म्हणजे जपाननं इशारा धुडकावला म्हणून बॉम्बचा निर्णय झाला, हा क्रमच उलटा आहे. हुकूम आधीच निघाला होता. नागासाकीसाठी तर वेगळा निर्णयही झाला नाही, तो त्याच हुकुमाच्या शेपटाला बांधलेला होता. दुसरा बॉम्ब ११ ऑगस्टला टाकायचं ठरलं होतं. पुढचे दिवस हवामान खराब राहणार असा अंदाज आला म्हणून तो ९ तारखेवर आणला. विमान निघालं होतं कोकुऱ्याकडे. तिथे ढग-धुरामुळे खालचं दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळलं. हिरोशिमात काय झालं हे टोकियोच्या सरकारला नीट उमगायच्या आत, तीन दिवसांत, हवामानाच्या हिशेबानं दुसरं शहर गेलं. सर पहिल्या बॉम्बचं समर्थन तासभर करू शकतात. नागासाकीवर त्यांनी एक वाक्यही खर्च केलं नाही, आणि बॉम्बचे बहुतेक समर्थक असंच करतात.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. ८ ऑगस्टला सोव्हिएत रशियानं जपानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ९ च्या पहाटे त्याच्या फौजा मांचुरियात घुसल्या. युरोपातलं युद्ध संपल्यावर दोन-तीन महिन्यांत आपण उतरू, असा शब्द स्टालिननं याल्टात फेब्रुवारीतच दिला होता, आणि वॉशिंग्टनला तो माहीत होता. जपानचं सर्वोच्च युद्धमंडळ हिरोशिमानंतर तीन दिवस बसलं नाही. ते बसलं ९ ऑगस्टच्या सकाळी, रशिया आल्यावर. बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली, तरी मतं तीन विरुद्ध तीन अशीच राहिली. कोंडी फुटली ती रात्री सम्राटाच्या शब्दानं. त्सुयोशी हासेगावा यांच्यासारखे इतिहासकार रशियाच्या प्रवेशाला बॉम्बपेक्षा जास्त वजन देतात. दुसरे इतिहासकार याच्या उलट सांगतात, आणि त्यांच्याकडेही पुरावा आहे: ८ तारखेलाच सम्राटानं परराष्ट्रमंत्री तोगो यांना, या नव्या अस्त्रापुढे युद्ध लांबवता येणार नाही, असं सांगितल्याची नोंद आहे. बॉम्बचा काहीच परिणाम झाला नाही असं मी म्हणणार नाही. मी म्हणतो ते इतकंच की 'बॉम्ब नसता तर काका नसते' हे वाक्य ज्या खात्रीनं मुलांसमोर उच्चारलं गेलं, ती खात्री त्या तारखांत सापडत नाही. झिपरला अजून महिना बाकी होता. जपानच्या क्युशू बेटावर उतरण्याची तारीख होती १ नोव्हेंबर. बारा आठवडे हातात होते. रशिया येणार हे ठाऊक होतं. सम्राटाला ठेवू एवढं एक आश्वासन दिलं तर शरणागती सोपी होईल, असं युद्धमंत्री स्टिम्सन स्वतः सुचवत होते. ते आश्वासन पॉट्सडॅमच्या मसुद्यातून काढलं गेलं. आणि शेवटी सम्राट राहिलाच.

आता पाच-दहा लाखांचा आकडा. १५ जून १९४५ ला अमेरिकेच्या संयुक्त युद्ध नियोजन समितीनं जो अंदाज दिला त्यात क्युशू आणि टोकियोचं मैदान अशा दोन्ही मोहिमा धरून अमेरिकी मृतांचा आकडा सुमारे ४० हजार होता. 'दहा लाख हताहत' हा आकडा लोकांसमोर ठामपणे आला तो फेब्रुवारी १९४७ च्या हार्पर्स मासिकातल्या स्टिम्सन यांच्या लेखातून, म्हणजे बॉम्बवर टीका वाढू लागल्यावर. ट्रूमन यांच्या १९५५ च्या आठवणींत तो पाच लाख प्राण असा झाला. जून ते ऑगस्टच्या दरम्यान क्युशूवर जपाननं फौजा प्रचंड वाढवल्या आणि जूनचा अंदाज जुना पडला, हेही खरं आहे. ओकिनावात बारा हजारांवर अमेरिकी सैनिक मेले होते, ती जखम ताजी होती. त्यामुळे ४० हजार खरे की चार लाख, या वादात शिरून मला बाजी मारायची नाही. समजा सरांचाच आकडा बरोबर आहे. तरी त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि का नाही हे सांगायला मला आपल्याच तालुक्यातल्या केळझरला जावं लागेल.

सेलूहून नागपूरकडे निघालं की थोड्याच वेळात केळझर येतं. टेकडीवरच्या गणपतीला आपण सगळेच जातो. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं इथली माणसं पिढ्यान् पिढ्या मानत आली आहेत. बकासुराची गोष्ट इथल्या लेकराला शाळेत जाण्याआधी माहीत असते. बकासुर सगळं गाव खाऊ नये म्हणून गावानं करार केला: रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस. एक जाईल, बाकीचे वाचतील. हिशेबात चूक नाही, फायदा उघड आहे. मग ती गोष्ट ऐकताना आपल्याला त्या गावाची लाज का वाटते?

महाभारतातला तो प्रसंग पुन्हा वाचून बघा. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले होते त्याच्यावर पाळी येते. घरात रडारड होते. पण भांडण कशावरून? बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मला जाऊ द्या. बोबडं बोलणारं धाकटं पोर गवताची काडी उचलून म्हणतं, मी त्या राक्षसाला हिनंच मारतो. शेजारच्या घरातलं पोर पाठवू, असं त्या घरात कोणाच्या तोंडून निघत नाही. कुंती रडणं ऐकते आणि स्वतःच्या मुलाला पाठवते. युधिष्ठिर रागावतो, तरी ती ऐकत नाही. आणि भीम काय करतो? बकासुराला मारतो. घाबरून पुढे आलेल्या त्याच्या गणगोताला मारत नाही. पुन्हा माणसाला हात लावायचा नाही, एवढं कबूल करून घेतो आणि त्यांना सोडून देतो.

सर म्हणतील, ट्रूमनकडे भीम नव्हता. भीम नव्हता, पण बारा आठवडे होते. आणि मुद्दा भीमाचा नाहीच. सेनापती आपल्या सैनिकाला मरणाच्या तोंडी पाठवतो, ते क्रूर असलं तरी युद्धाच्या नियमात बसतं, कारण सैनिकाच्या हातात शस्त्र असतं आणि समोरच्याच्याही. आपला सैनिक वाचावा म्हणून दुसऱ्याच्या घरातलं लेकरू पुढे करणं हा वेगळा व्यवहार आहे. एकचक्रेच्या करारातसुद्धा गाव स्वतःचीच माणसं देत होतं. हिरोशिमाचा करार त्याहून खालचा आहे.

'लेकरू' हा शब्द मी भावनेच्या भरात वापरलेला नाही. त्या सकाळी हिरोशिमात हजारो शाळकरी मुलं रस्त्यावर कामाला होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे तयार करायचे आणि कौलं-लाकडं उचलायची, हे काम माध्यमिक शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्गातल्या, बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना दिलं होतं. त्यांच्यातली सहा हजारांच्या आसपास मुलं मेली. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयात त्यांच्यातल्या एकाचा जेवणाचा डबा आहे. आईनं सकाळी भरून दिलेला. धातूचा डबा वेडावाकडा झाला आहे आणि आतलं अन्न जागच्या जागी जळून कोळसा झालं आहे. मुलानं तो उघडलाच नव्हता. बॉम्ब पडला सव्वाआठला.

सरांनी सांगितलं की जपानात नागरिक उरलेच नव्हते, बायकांनासुद्धा बांबूचे भाले देऊन तयार केलं होतं. खरं आहे. जून १९४५ च्या कायद्यानं १५ ते ६० वयाचे पुरुष आणि १७ ते ४० वयाच्या स्त्रिया स्वयंसेवी लढाऊ दलात मोडत होत्या. पण मग त्या कायद्याचंच वय घ्या. डबा घेऊन निघालेलं पोर त्या वयातही बसत नव्हतं. आणि नेम कशावर धरला होता? शहराच्या मध्यावरच्या आइओई पुलावर, कारण तो इंग्रजी टी अक्षरासारखा आहे आणि वरून सहज ओळखू येतो. बॉम्ब फुटला एका इस्पितळाच्या माथ्यावर. लक्ष्य ठरवणाऱ्या समितीला हवं होतं ते मोठं, आधीच्या बॉम्बफेकीत न भाजलेलं शहर, म्हणजे नव्या अस्त्राचा परिणाम स्वच्छ दिसेल. हिरोशिमात लष्करी मुख्यालय होतं, हे मान्य. पण ट्रूमननी ९ ऑगस्टच्या रेडिओ भाषणात हिरोशिमाला नुसता लष्करी तळ म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळात, आणखी एक लाख माणसं मारण्याची कल्पना भयंकर आहे, ती सगळी मुलं मारणं आपल्याला नको, असं सांगून पुढची बॉम्बफेक थांबवली. हे त्यांचे मंत्री हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे. हुकूम देणाऱ्याला तळ आणि शहर यातला फरक १० ऑगस्टला कळत होता. सरांनी तो आज आपल्या विद्यार्थ्यांसमोर पुसून टाकू नये.

१९४५ च्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसं मेली. त्यांत जपाननं कामाला जुंपून आणलेले हजारो कोरियन होते. हिरोशिमात अमेरिकेचेच बारा युद्धकैदीही होते.

जपानच्या क्रौर्याबद्दल मात्र सरांचा राग मला पूर्ण मान्य आहे, किंबहुना तो त्यांनी कमीच मांडला. अंदमानात ३० जानेवारी १९४४ ला हम्फ्रीगंजला ४४ हिंदी माणसांना जपान्यांनी हेर ठरवून गोळ्या घातल्या, आणि त्यांच्यात स्वातंत्र्यासाठी झटणारी माणसं होती. त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला जपानी फौजेला दिवसेंदिवस रोखून धरणाऱ्यांत मराठा पलटणीचे जवान होते. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर उपचार करायला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. मराठी माणसानं जपानी साम्राज्यवादाविरुद्ध लेखण्या नाही, प्राण झिजवले आहेत. पण सरांनी एकदा विचारावं: कोटणीस कशासाठी गेले होते? शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणलेल्या माणसाला वाचवायला. हम्फ्रीगंजचा हुकूम देणारा अधिकारी दोषी आहे, त्याला पकडा, खटला चालवा, शिक्षा करा. त्याच्या गुन्ह्याची भरपाई हिरोशिमातल्या सातवीच्या मुलीकडून करून घेणं याला न्याय म्हणत नाहीत. जो माणूस 'जपान्यांनी' असा एकच शब्द वापरून टोकियोतला सेनापती आणि ती मुलगी एका माळेत ओवतो, तो नेमकं तेच करतो जे हम्फ्रीगंजला झालं: सगळे एकच, म्हणून कोणालाही गोळी घाला.

राहिला वर्ध्याचा मुद्दा. आपण युद्धाला अनोळखी आहोत, हे सरांचं विधान चुकीचं आहे. याच जिल्ह्यात पुलगावला देशातलं सर्वांत मोठं दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली आणि आग विझवायला धावलेले जवान आणि अधिकारी गेले. आणि सेवाग्राम? जुलै १९४२ मध्ये, जपानी फौज ब्रह्मदेश घेऊन आपल्या दाराशी उभी असताना, गांधीजींनी सेवाग्रामहून जपानी जनतेला उद्देशून खुलं पत्र लिहिलं. त्यात चीनवरचा हल्ला, त्या प्राचीन देशाची केलेली नासधूस, याबद्दल स्पष्ट शब्दांत फटकारलं, आणि भारतात मुक्तिदाते म्हणून स्वागत होईल या भ्रमात राहू नका असंही बजावलं. त्याच आश्रमात एक जपानी बौद्ध भिक्षू राहत होता. जपान युद्धात उतरल्यावर पोलिसांनी त्याला उचलून नेलं. तो म्हणायचा तो मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत तेव्हापासून आहे आणि आजही म्हटला जातो. जपानी सत्तेला दोषी ठरवणं आणि जपानी माणसाला आपला मानणं, या दोन गोष्टी एकाच अंगणात, एकाच वेळी होऊ शकतात, हे आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर सिद्ध झालेलं आहे. सरांना ते भोळेपण वाटतं. मला ती ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीची सगळ्यात स्पष्ट राजकीय समज वाटते.

याच गांधीजींनी ७ जुलै १९४६ च्या हरिजनमध्ये अणुबॉम्बवर लिहिलं. बॉम्बच्या भीतीनं जग आपोआप अहिंसेकडे वळेल, असं काही अमेरिकी मित्र म्हणत होते. गांधीजींनी ते साफ नाकारलं. भयानं आलेली किळस ओसरली की माणूस दुप्पट जोमानं हिंसेकडे परततो, असा त्यांचा मुद्दा होता. युद्ध थोडंफार सुसह्य करणारे जे तथाकथित नियम होते, तेही या बॉम्बनं उडवून लावले, हे त्यांनी त्याच लेखात नोंदवलं. नियमांच्या त्या विनाशावर पुढे कायद्यानंही बोट ठेवलं. ७ डिसेंबर १९६३ ला टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं, बॉम्बमधून वाचलेल्यांनी आणलेल्या खटल्यात, हे दोन्ही हल्ले तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध होते असा निकाल दिला. भरपाई मिळाली नाही, पण निकाल उभा आहे.

हा वाद ऐंशी वर्षांपूर्वीचा असता तर मी सरांना चहा प्यायला बोलावून मिटवला असता. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर २०२५ च्या मे महिन्यात सेलूच्या चौकात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत 'टाका एकदाचा आणि संपवा' हे वाक्य मी किती तोंडून ऐकलं. बोलणारी माणसं वाईट नव्हती, संतापलेली होती. पण ते वाक्य आकाशातून पडलेलं नाही. 'हिरोशिमावर टाकला आणि युद्ध संपलं' या धड्यावरच ते उगवलेलं आहे.

आपल्या देशाचं धोरण याच्या नेमकं विरुद्ध आहे. १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या केल्यानंतर भारतानं 'आपण पहिला वापर करणार नाही' अशी भूमिका घेतली आणि ४ जानेवारी २००३ ला ती अधिकृतपणे जाहीर केली. पाकिस्ताननं असं वचन दिलेलं नाही. उलट त्यानं नस्र नावाचं कमी पल्ल्याचं क्षेपणास्त्र बनवलं, २०११ मध्ये त्याची चाचणी केली. ते कशासाठी, हे त्यांचे लोक लपवत नाहीत: भारतीय रणगाडे सीमा ओलांडून आले तर छोटा अणुबॉम्ब टाकून त्यांना तिथेच थांबवायचं. म्हणजे मोठं युद्ध टळेल, आपले सैनिक वाचतील, शत्रू शुद्धीवर येईल.

सरांनी मुलांना शिकवलेला प्रत्येक मुद्दा रावळपिंडीतला सेनापती जसाच्या तसा वापरू शकतो: आमचे जवान वाचले, लढाई लवकर संपली, समोरच्यांनी आधी काय केलं ते आठवा. त्याला सर कोणत्या तोंडानं चूक म्हणणार आहेत? हिरोशिमा बरोबर आणि नस्र चूक, हे सिद्ध करणारा एखादा नियम त्यांच्याकडे असेल, आणि तो नियम 'मारणारा आपला होता की परका' याहून वेगळा असेल, तर तो त्यांनी त्याच मुलांसमोर मांडावा. मी ऐकायला येईन.